रोज एक फोटो, वर्षभर

वर्षभर रोज एक फोटो काढायचा आणि तो त्याच दिवशी कुणाला तरी दाखवायचा, एवढाच हा खेळ. तीनशे पासष्ट दिवस, तीनशे पासष्ट फोटो. ऐकायला अगदी सोपं वाटतं. कॅमेरा आता प्रत्येकाच्या खिशात आहे आणि फोटो तर आपण तसेही काढतच असतो. मुलाच्या वाढदिवसाला शंभर, गणपतीला दोनशे, इटलीच्या ट्रिपला हजार. पण मागच्या महिन्यातल्या साध्या मंगळवारी आपल्या घरात काय चाललं होतं, याचा एकही फोटो आपल्याकडे सापडत नाही. या खेळात सगळी मेख ‘रोज’ या शब्दात आहे.

पुस्तिकेसाठी हा विषय आम्ही दोन कारणांनी घेतला. जर्मनीत राहणाऱ्या मराठी घरांना या उद्योगाचा उपयोग इतरांपेक्षा जास्त आहे, कारण आपली निम्मी माणसं साडेसहा हजार किलोमीटरवर आहेत. दुसरं कारण निधीचं. त्याकडे शेवटी येऊच.

रोज एक फोटो ही अमेरिकेतल्या इंटरनेटवाल्या तरुणांची कल्पना, असा सर्वसाधारण समज आहे. आपल्याला मात्र त्याआधी दादरला जायला हवं. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे आपले दादासाहेब, १९०९ साली जर्मनीला येऊन गेले होते हे पुष्कळांना माहीत नसतं. सिनेमाचा तेव्हा काही संबंध नव्हता. त्यांचा छापखाना होता आणि रंगीत छपाईच्या यंत्रांसाठी ते इथे आले होते. त्या काळात छपाईत जर्मनीचा हात धरणारं कुणी नव्हतं. पुढे भागीदारांशी पटेना म्हणून फाळक्यांनी तो धंदा सोडला, ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक चित्रपट पाहिला आणि सिनेमाने त्यांना झपाटलं. १९१२च्या फेब्रुवारीत ते लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. कॅमेरा आला, पण चित्रपट काढायला पैसा हवा, आणि हिंदुस्थानात बसून कुणी सिनेमा बनवू शकेल यावर पैसेवाल्यांचा विश्वास बसेना.

मग फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला. कुंडीसमोर कॅमेरा मांडला आणि महिनाभराहून जास्त काळ, कॅमेरा जागचा न हलवता, एकेक फ्रेम घेत राहिले. हाताने फिरवायचा कॅमेरा, थोडंसं फिरवून थांबायचं. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखली जाणारी ती फिल्म जेमतेम मिनिटभराची आहे. कोंब मातीतून वर येतो, पानं उघडतात, वेल वर चढते. रोज एकच फ्रेम घेतली होती असं काही ठिकाणी लिहिलेलं असतं. पण मूकपटाच्या वेगाने, सेकंदाला सोळा फ्रेम धरल्या, तर मिनिटाला ९६० फ्रेम होतात. म्हणजे महिनाभर दिवसाला तीसेक फ्रेम तरी घेतल्या असणार. रोज एकच घेतली असती तर दोन सेकंदांतच सगळा खेळ आटोपला असता. ही फिल्म निवडक लोकांना दाखवली गेली आणि फोटोग्राफीच्या सामानाचे व्यापारी नाडकर्णी यांनी कर्ज द्यायची तयारी दाखवली. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. रसायनं कालवण्यापासून फिल्मच्या कडेला भोकं पाडण्यापर्यंतची कामं सरस्वतीबाई फाळके करत होत्या, हेही इथे सांगायला हवं. नाहीतर सगळं श्रेय एकट्या दादासाहेबांच्या आणि वाटाण्याच्या पदरात पडतं.

असले उद्योग जर्मनीत त्याच्याही आधी झाले होते. लाइपझिगचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर यांनी १८९८ ते १९०० या काळात झाडांच्या हालचाली अशाच ठरावीक अंतराने टिपून पडद्यावर दाखवल्या. लाजाळूही त्यांत होती. पुढे लुडविग्सहाफेनच्या बीएएसएफ कंपनीने आपल्या खताचा प्रचार व्हावा म्हणून वर्षानुवर्षं फुलझाडांचं चित्रण करवलं आणि त्यातून १९२६ साली ‘दास ब्लूमेनवुंडर’ हा चित्रपट निघाला. खताच्या जाहिरातीसाठी सुरू झालेलं काम, पण फुलं उमलताना पाहायला लोकांनी गर्दी केली.

आता माणसांच्या फोटोंकडे येऊ. रोज खिशात नेता येईल असा कॅमेराही जर्मनीचाच. वेत्झलारला लाइट्झ कंपनीत काम करणाऱ्या ओस्कार बारनाक यांनी सिनेमाची फिल्म वापरून छोटा कॅमेरा बनवला आणि १९२५च्या लाइपझिगच्या वसंत मेळ्यात तो ‘लायका’ या नावाने विक्रीला आला. एका रोलमध्ये ३६ फोटो. रोज एक काढला तर वर्षाला दहा रोल संपून अकराव्यातले पाच फोटो लागतात. रोल, धुलाई, प्रिंट हा खर्च मनात धरला की आपल्या लहानपणी एक रोल दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत का पुरवला जायचा हे लगेच कळतं.

हा खर्च सोसून अठरा वर्षं रोज फोटो काढणारा एक माणूस न्यूयॉर्कमध्ये होऊन गेला. जेमी लिव्हिंगस्टन त्याचं नाव. ३१ मार्च १९७९ रोजी, बार्ड कॉलेजात असताना, त्याने पोलरॉइडवर एक फोटो काढला आणि मग थांबलाच नाही. दिवसाला एकच फोटो. मित्र, जेवणाचं टेबल, रस्ता, बेसबॉलचा सामना, अधूनमधून स्वतः. सहा हजारांहून जास्त फोटो झाले. शेवटच्या काही महिन्यांच्या फोटोंत इस्पितळ दिसायला लागतं, कारण त्याला कर्करोग झाला होता. शेवटच्या महिन्यात त्याने लग्न केलं, तोही फोटो आहे. २५ ऑक्टोबर १९९७ रोजी, आपल्या एकेचाळिसाव्या वाढदिवशी तो गेला. त्याही दिवसाचा फोटो त्यात आहे. मित्रांनी २००७ साली हे सगळे फोटो त्याच्याच कॉलेजात मांडले. त्यांत एकेकटा पाहिला तर मुद्दाम भिंतीवर लावावा असा फोटो क्वचितच आहे. ओळीने पाहत गेलं की मात्र जागचं हलवत नाही.

आपल्या जवळचं उदाहरण हानोव्हरजवळच्या बाड नेनडॉर्फ गावच्या ख्रिस्टोफ रेहागे याचं. २००७ साली ९ नोव्हेंबरला, सव्विसाव्या वाढदिवशी, तो बीजिंगहून पायी निघाला. कुठे जायला, तर घरी, बाड नेनडॉर्फला. वाटेत तो रोज स्वतःचे फोटो काढत राहिला. वर्षभराने साडेचार हजार किलोमीटरहून जास्त चालून तो चीनच्या पश्चिमेला उरुम्चीपर्यंत पोचला आणि तिथे थांबला. त्या फोटोंची केलेली छोटी फिल्म २००९ साली जगभर पाहिली गेली. चेहरा मधोमध तोच, केस आणि दाढी वाढत जाते, आणि मागे शहर, वाळवंट, बर्फ बदलत राहतं. घरी काही तो त्या वर्षात पोचला नाही, पण फिल्म बघताना त्याची कुणाला आठवणही राहत नाही.

दोन्ही तऱ्हा चांगल्या. पण घरच्या माणसांसाठी करायचं असेल तर आम्ही लिव्हिंगस्टनच्या बाजूचे. स्वतःच्या चेहऱ्याचे ३६५ फोटो आई सोडून दुसरं कुणी आवडीने पाहील असं वाटत नाही, आणि तीही बहुधा ‘बारीक झालास’ एवढंच म्हणेल.

हौसेने सुरू केलेला हा उद्योग बहुतेकांचा फेब्रुवारीत मोडतो. त्याचं कारण आळस नसतो, उजेड असतो. मुंबईत वर्षातला सगळ्यात लहान दिवस अकरा तासांचा आणि सगळ्यात मोठा सव्वातेरा तासांचा. तिथून आलेल्या माणसाला उजेडाचा हिशेब करायची सवयच नसते. इथे हाम्बुर्गला २१ डिसेंबरचा दिवस साडेसात तासांचा आणि जूनमधला सतरा तासांचा. म्युनिकला त्यातल्या त्यात बरं, सव्वाआठ आणि सोळा. सकाळी आठला अंधारात निघून संध्याकाळी पाचला अंधारात परतणाऱ्याने फोटो काढायचा कधी? म्हणून हिवाळ्यापुरता फोटो दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत काढायचा असं ठरवून टाकावं. बाहेर पडून पाच मिनिटं चालावं, ते प्रकृतीलाही बरं. नाहीतर अंधारालाच विषय करावं. ओल्या रस्त्यावर पडलेला ट्रामचा दिवा, समोरच्या खिडकीतला अडव्हेंटचा तारा, सायकलला लावलेला लाल दिवा. नोव्हेंबरात असे फोटो चांगले येतात. फक्त फोन कठड्याला टेकवून धरावा, म्हणजे हलत नाही.

काय काढायचं सुचत नाही म्हणणाऱ्यांसाठी एक हुकमी विषय म्हणजे एकच झाड. घराच्या खिडकीतून किंवा बसस्टॉपवरून दिसणारं, रोज त्याच जागेवरून. जागा चुकू नये म्हणून खिडकीच्या पट्टीवर पेन्सिलीने खूण करून ठेवावी. आपल्याकडे सहा ऋतू, इथले लोक चार सांगतात, पण इथल्या हवामान खात्याने, म्हणजे दॉइचर वेटरडीन्स्टने, झाडांवरून वर्षाचे चक्क दहा ऋतू पाडले आहेत. हेझलला तुरे आले की वसंताची चाहूल, फोर्सिथियाची पिवळी फुलं आली की पहिला वसंत, सफरचंद फुललं की भर वसंत. एल्डर, ज्याला इथे होलुंडर म्हणतात, फुललं की उन्हाळ्याची सुरुवात, लिंडेनचा वास सुटला की भर उन्हाळा. मग लवकर पिकणारी सफरचंदं, होलुंडरची काळी फळं, ओकची फळं, ओकच्या पानांचा बदलता रंग, आणि पानगळ झाली की हिवाळा. देशभरातली हौशी माणसं या नोंदी खात्याला कळवतात. वर्षभर एका झाडाचा फोटो काढला तर आपल्याजवळही तशीच नोंद तयार होते, आणि पुढच्या वर्षी फोर्सिथिया आठ दिवस आधी फुललं की नाही हे आपण पुराव्यानिशी सांगू शकतो. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदलतं तेव्हा मात्र उन्हाची सावली एकदम तासाने सरकते. बघणाऱ्याला ते विचित्र वाटतं, तर तिथे तारखेखाली एक टीप द्यावी.

झाड नको असेल तर घरातलं काहीही. डब्यातली भाजी, आम्टमध्ये हातात आलेला नंबर, फांडच्या बाटल्यांची भरलेली पिशवी, शेजाऱ्यांसाठी आपल्याकडे ठेवून गेलेलं पार्सल, एल्टर्नआबेंडला मुलांच्या चिमुकल्या खुर्चीत बसलेले बाबा. वर्षाअखेर पाहताना सगळ्यात जास्त वेळ याच फोटोंवर थांबायला होतं, असा आमचा अनुभव आहे. नॉयश्वानश्टाइनचा किल्ला कुणीही दाखवू शकतो, आणि आपल्यापेक्षा चांगला.

एखादा दिवस राहिला तर? राहू द्यावा. दुसऱ्या दिवशी दोन काढून मागची तारीख घालू नये. मोकळी जागा तशीच ठेवावी. त्या दिवशी ताप होता, विमान चुकलं होतं किंवा नुसता कंटाळा आला होता, हे त्या मोकळ्या चौकटीतूनही कळतं.

यापुढचा भाग आमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा आहे. फोटो दाखवायचा कुणाला? नुसता काढून फोनमध्ये ठेवला तर पंधराव्या दिवशी बंद पडतो. समोर वाट पाहणारं माणूस हवं. आपल्यापैकी बहुतेकांच्या बाबतीत ते माणूस भारतात आहे, वय सत्तरच्या पुढे आहे, आणि रविवारी व्हिडिओ कॉलवर आपण त्यांच्याशी काय बोलतो ते एकदा आठवून पाहा. ‘जेवलात का?’ ‘हो, जेवलो. तुमच्याकडे थंडी कशी आहे?’ ‘आहे. तुमची तब्येत?’ ‘उत्तम. काळजी करू नका.’ नातवाला बळंच समोर आणलं जातं, तो ‘हाय आजी’ म्हणून पळतो. दोन्हीकडची माणसं एकमेकांना सांभाळून घेत असतात, आणि त्यात खरी खबर कुठल्याच बाजूला पोचत नाही.

रोजचा फोटो हे कोंडलेलं बोलणं मोकळं करतो. इथून रात्री आठला पाठवलेला फोटो हिवाळ्यात तिकडे साडेबाराला आणि उन्हाळ्यात साडेअकराला पोचतो. म्हणजे तो सकाळच्या चहाबरोबर पाहिला जातो. मग रविवारी विचारायला काहीतरी असतं. ‘त्या शुलट्युटेत भरलंय तरी काय एवढं?’ ‘बुधवारच्या फोटोत तुझ्या मागे भिंत ओली दिसत होती, गळतंय का?’ फोटोखाली दोन ओळी मराठीत लिहाव्यात. नुसता फोटो म्हणजे पत्त्याशिवायचं पाकीट. आणि मुलांना लिहायला लावलं तर त्यांचं देवनागरीही चालू राहतं, शनिवारच्या मराठी शाळेच्या बाईंनाही बरं वाटतं.

पण आमचा आग्रह वेगळ्याच गोष्टीसाठी आहे. ही देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी हवी. आपण आपले फोटो हौसेने पाठवतो आणि तिकडून मागत नाही. आई-बाबांना सांगावं की रोज एक फोटो तुम्हीही पाठवा, काहीही चालेल, फक्त रोज एकाच जागेचा. एका ओळखीच्या घरातली गोष्ट त्यांना विचारून सांगतो. वडील सांगलीला एकटे असतात. लेकीने त्यांना सांगितलं की सकाळचा चहा घेताना समोरच्या टीपॉयचा फोटो पाठवत जा. कप, चष्मा, औषधाची डबी आणि वर्तमानपत्र. तीनेक महिन्यांनी तिच्या लक्षात आलं की हल्ली पेपर घडी न मोडता तसाच पडलेला असतो. आधीच्या फोटोंत तो शब्दकोड्याच्या पानावर उघडलेला असायचा, पेन वर ठेवलेलं. फोनवर विचारलं तर ‘हल्ली पेपरात वाचण्यासारखं असतं काय’ हे उत्तर. तिने शेजारच्या काकूंना सांगून त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन झालं, आणि आता फोटोत पुन्हा कोडं असतं, कधीकधी अर्धवट सोडवलेलं, म्हणजे तिने रात्री फोनवरून उरलेले शब्द सांगावेत. बाबांनी आपणहून हे सांगितलं नसतं. आणि तिने एखादाच फोटो पाहिला असता तर तिलाही काही कळलं नसतं. एका दिवशी घडी न मोडलेला पेपर हा नुसता पेपरच असतो. शंभर दिवस ओळीने पाहिल्यावर त्यातून बाबांचे डोळे दिसले.

फोटो दाखवण्यावरून आठवलं, इथला कायदा. घरच्या पाच माणसांना पाठवणं निराळं आणि मंडळाच्या दोनशे जणांच्या ग्रुपवर टाकणं निराळं, हा फरक आपल्या लोकांना चटकन पटत नाही. जर्मनीत हा विषय किती जुना आहे त्याची हकिकत मजेशीर आहे, किंवा खरं तर नाही. ३० जुलै १८९८ रोजी हाम्बुर्गजवळ फ्रीडरिश्सरू इथे बिस्मार्क वारला. त्याच रात्री हाम्बुर्गचे दोन फोटोग्राफर चोरून आत शिरले आणि मृतदेहाचा फोटो काढून तो विकायला निघाले. घरच्यांनी दावा लावला. १८९९ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल घरच्यांच्या बाजूने दिला खरा, पण तो ते दोघे बेकायदा घरात शिरले या मुद्द्यावर. माणसाचा स्वतःच्या छबीवर हक्क असतो असं सांगणारा कायदाच तेव्हा नव्हता. ती उणीव १९०७च्या कायद्याने भरून काढली. ज्याचा फोटो आहे त्याच्या संमतीशिवाय तो प्रसारित करता येत नाही, आणि माणूस वारल्यावरही दहा वर्षं जवळच्या नातेवाइकांची संमती लागते. या तरतुदी आजही लागू आहेत.

त्यात सवलतीही आहेत. रस्त्याचा किंवा निसर्गाचा फोटो असेल आणि माणसं केवळ ओघाने आलेली असतील, किंवा मिरवणूक, सभा अशा ठिकाणचं सर्वसाधारण दृश्य असेल, तर एकेकाला विचारत बसावं लागत नाही. गणपतीच्या मिरवणुकीचा फोटो चालतो. त्यातल्या एका मुलीचा चेहरा मोठा करून छापला तर तो चालेलच असं नाही. २५ मे २०१८पासून युरोपचा डेटा संरक्षण कायदाही आला. निव्वळ घरगुती वापर त्यातून वगळलेला आहे, पण मंडळाचा ग्रुप किंवा ही पुस्तिका घरगुती नव्हे. मुलांच्या बाबतीत आई-वडील दोघांना विचारावं, आणि मूल कळतं असेल तर त्यालाही. किटामध्ये तर फोन बाहेर काढण्याआधीच विचारलेलं बरं. वकिलाचा सल्ला म्हणून हे लिहीत नाही आहोत, पण एवढं पाळलं तरी शेजाऱ्यांशी वाद होत नाहीत. आमची सोपी युक्ती अशी की परक्या माणसाचा फोटो पाठमोरा घ्यावा किंवा नुसते हात घ्यावेत. भाजीबाजारात मापं टाकणारे हात चेहऱ्यापेक्षा पुष्कळ बोलतात.

आता निधीचं. देणगीदार म्हणून आपल्याला काम झालेलं दिसायला हवं असतं आणि त्यात गैर काही नाही. पण संस्थांकडून येणारे फोटो बहुतेक वेळा एकाच साच्याचे. हातात नवं दप्तर धरलेली मुलगी, मागे फलक, फलकावर देणाऱ्याचं नाव. त्या मुलीला कुणी विचारलेलं नसतं. ती मोठी होईल आणि तिचा तो फोटो कुठेतरी असेलच. जर्मन फौजदारी कायद्यात २०१५पासून असहाय अवस्थेतल्या माणसाचं प्रदर्शन मांडणारा फोटो हा गुन्हा धरला जातो. दप्तराचा फोटो त्यात बसतो असं आमचं म्हणणं नाही. पण आपल्या घरातल्या मुलासाठी आपण शाळेकडे जी काळजी मागतो, ती त्या मुलीसाठीही मागायला हरकत कुठे आहे? त्यापेक्षा संस्थेला रोजच्या एका फोटोची विनंती करावी, आणि तोही कामाचा. बांधकामाची भिंत, विहिरीच्या काठावर मारलेल्या खुणा आणि आजचं पाणी, ग्रंथालयातला एकच कप्पा, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातलं आजचं पातेलं. भिंत चार महिने तेवढीच राहिली तर तेही दिसेल, आणि मग विचारता येईल. फाळक्यांनी सावकारापुढे असाच वाटाणा ठेवला होता.

दुसरी कल्पना मंडळींनी स्वतः करायची. वर्षभराचा संकल्प सोडायचा आणि मित्रांना फोटोमागे पन्नास सेंट देण्याची गळ घालायची. पूर्ण वर्ष झालं तर एका मित्राकडून १८२ युरो ५० सेंट. असे दहा मित्र मिळाले तर १,८२५ युरो. फोटो चुकला तर त्या दिवसाचे पन्नास सेंट नाहीत, त्यामुळे मित्र स्वतःच आठवण करतात, काही जण तर फोटो चुकला की आनंदाने कळवतात. पैसे थेट संस्थेच्या खात्यात जावेत. नोंदणीकृत सेवाभावी संस्थेला दिलेल्या ३०० युरोपर्यंतच्या देणगीला सध्या बँकेतली नोंद आणि संस्थेचं छोटं पत्रक कर खात्याला पुरतं, वेगळी पावती लागत नाही.

फोटो सांभाळण्याबद्दल थोडंसं. फोनचा एक फोटो साधारण तीन-चार मेगाबाइटचा, म्हणजे वर्षाचे सव्वा गिगाबाइटच्या आसपास. जागा फार लागत नाही, पण व्हॉट्सअॅपवरून गेलेला फोटो सहसा आकसून जातो, म्हणून मूळ फोटो वेगळा ठेवावा, दोन ठिकाणी. आणि महिन्यातून एकदा ड्रोगरीतल्या यंत्रावर दहा बाय पंधराचे प्रिंट काढून आणावेत. ३६५ प्रिंटची चळत आठ-नऊ सेंटिमीटरची होते, बुटांच्या खोक्यात आरामात मावते. मागे पेन्सिलीने तारीख, ठिकाण आणि नावं लिहावीत. आपल्या प्रत्येकाच्या घरी आजोबांच्या वेळचा एक ग्रुप फोटो असतो आणि त्यात डावीकडून तिसरे उभे कोण, हे सांगणारं आता कुणी नसतं.

सुरुवात १ जानेवारीलाच करायला हवी असं नाही, कुठलाही दिवस चालतो. काहींना गुढीपाडवा ते गुढीपाडवा असं वर्ष धरावंसं वाटतं, तेही छानच. फक्त आधी कालनिर्णयात बघून घ्यावं. आपलं चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणजे अकरा फोटोंची सूट. अधिक महिना आला की मात्र ते ३८४ दिवसांपर्यंत जातं, जसं १९ मार्च २०२६ ते ७ एप्रिल २०२७ या दोन पाडव्यांमध्ये होतं. पन्नास सेंटवाल्या मित्रांना ही गोष्ट आधीच सांगून ठेवावी.